खंड

कोर्टाच्या भिंतीला लागून, सीबीएसच्या अलीकडे,
छत्रीखालच्या टायपिस्टकडे मजकूर तयारच असतो.
नाव, वय, वर्षं तेवढी बदलायची.
"खंड किती?"
एकोणीस वर्षं.
त्यानं मान वर केली नाही.
"कारण घरगुती टाकतो. सगळ्या बाया तेच टाकतात."

मी म्हटलं, द्राक्षं टाका.
तो म्हणाला, फॉरमॅटमध्ये बसत नाही.

गंगापूर रोडवर, कॉलेजच्या खिडकीच्या काचेवर यादी:
एम.ए. मराठी, भाग एक.
गुणपत्रकं मूळ, झेरॉक्सचे दोन संच,
स्थलांतराचा दाखला,
खंड असल्यास प्रतिज्ञापत्र,
नावात बदल असल्यास राजपत्र.

असल्यास!
पदवीवर मी शोभना निवृत्ती मोगल.
आधारवर ज्योत्स्ना केदू बोरस्ते.
मधे एक ताट आहे, तांदळाचं,
त्यात अंगठीनं काढलेली दोन जोडाक्षरं,
दुसरं चुकलेलं.
संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला.
खिडकीतल्या कुलथेबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या,
ताटाची सत्यप्रत चालत नाही.
हसल्या, आणि पेन्सिलीनं लिहिलं:
सोमवारपर्यंत.

निकष मला नवे नाहीत.
पिंपळगावच्या पॅकहाउसात, डोक्याला जाळी, हातात कात्री,
अठरा मिलिमीटरच्या रिंगमधून मणी बघत आले.
पडला तो लोकल,
अडला तो युरोप.
पण रिंगमध्ये आपणच उभं राहायचं, हे पहिल्यांदाच.
बी.ए.ला सत्तेचाळीस पूर्णांक सोळा टक्के.
लागतात पंचेचाळीस.

अडले.

चार सत्रं, ऐंशी क्रेडिटं, हजेरी पंचाहत्तर टक्के.
दुसरं सत्र नेमकं हंगामात.
रात्रपाळी मागून घेतली, सकाळी सव्वासहाची एसटी,
भाषाविज्ञानाच्या तासाला बोटांना
गंधकाच्या पॅडचा वास.
शेजारी बसणारा तेजस, माझ्या पोरापेक्षा लहान,
म्हणाला, काकू, तुम्ही झोपा,
तुमचा नंबर आला की कोपर मारतो.
अर्थविचार मी असा कोपराकोपरानं शिकले.
ध्वनिविचारात बत्तीस पडले.
पुन्हा बसले. एकावन्न.

लघुप्रबंधाला विषय घेतला आमच्याच टेबलावरचा:
द्राक्ष-प्रतवारी करणाऱ्या बायकांची बोली.
घडाचे खांदे उतरवायचे.
मणी पिवळा पडला की आजारला,
चिरला की रडला,
आणि खोक्यात बसता बसेना तो घड म्हणजे जावई.
उगले सरांनी समासात लिहिलं: व्युत्पत्ती?
आता जावयाची काय व्युत्पत्ती सांगू.

मग साम्य-तपासणी. संगणक म्हणाला, अकरा टक्के.
दहा चालतात.
सर म्हणाले, प्रस्तावनेतले दोन परिच्छेद
स्वतःच्या शब्दांत लिहून आणा.
आणले.

त्या रात्री फायलीतून ते शंभराच्या स्टॅम्पवरचं काढलं,
पहिल्यांदा नीट वाचलं:
घरगुती कारणास्तव माझ्या शिक्षणात खंड पडला असून
सदर कालावधीत मी अन्यत्र कोठेही
प्रवेश घेतलेला नाही.

कोठेही नाही?
शीतगृहात घेतला होता. बाळंतपणाच्या वॉर्डात, दोनदा.
सासऱ्यांच्या डायलिसिसला, आठवड्यातून तीन वार,
तिथली हजेरी तर शंभर टक्के.
आणि हा कागद,
नाव आणि वर्षं सोडली तर
गावातल्या सगळ्या बायांशी तंतोतंत जुळणारा,
त्यावर गोल शिक्का आहे, सही आहे,
याचं साम्य कुणी तपासलं नाही.

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या बाईंनी
जावई वहीत उतरवून घेतला.
पदवीवर नाव कसं हवं, हा रकाना
मी अजून कोरा ठेवलाय.

राहिला ग्रंथालयाचा ना-देय दाखला.
लोककथांचा दुसरा खंड जमा नाही,
दिवसाला एक रुपया दंड चालू आहे.
पुस्तक कुठंय ते मला ठाऊक आहे.
जेवणाच्या सुट्टीत लंकाबाई वाचते,
ओळीखाली बोट धरून,
चौथीनंतर प्रथमच.
काल विचारलं तर वर न बघता म्हणाली,
नऊ पानं राहिलीत.
त्यांना सांग, थांबा म्हणावं.